सातावर छापलेले दहा

यादीत ते नाव दिसलं तेव्हा कावेरी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढत होती. अभिजीत सरांनी रोबोट स्पर्धेच्या संघांची यादी कॉलेजच्या वर्कशॉपच्या भिंतीवर डकवली आणि ते निघून गेले. कावेरीनं उजवा डोळा कागदाजवळ नेऊन एकेक ओळ वाचली, कारण डावा डोळा काचेचा. संघ क्रमांक अकरा. कप्तान प्राजक्ता मधुकर खोत. मार्गदर्शक आणि हवेच्या सामानाचे पुरवठादार, मधुकर खोत. खाली पाण्याचा डबा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आला का शेवटी," ती स्वतःशीच म्हणाली. "ये बाबा, ये."

सात वर्षं ती या माणसाची वाट बघत होती. देवाची कुणी बघणार नाही इतक्या नेमानं बघत होती. रोज सकाळी सिल्वासाजवळ किलवणीच्या घरात आरशासमोर उभं राहून काचेचा डोळा पुसताना ती मधुकर खोताचं नाव घ्यायची, आणि ते नाव घेताना तिच्या तोंडून जे काय निघायचं ते ऐकून नवरा भगवंत चहाचा कप घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. "जाऊ दे ना आता, कावेरी," असं तो पहिली दोन वर्षं म्हणाला. मग त्यानंही नाद सोडला. जाऊ दे म्हणायला त्याचं काय जातंय, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

झालं होतं असं. नवराबायको शहाद्याकडून सिल्वासाला आली, भगवंत दादऱ्याला धाग्याच्या कारखान्यात लागला आणि कावेरी शेजारच्या मसाटला, हवेचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात. तिथं तिच्याकडे टेस्टिंगचं बेंच होतं. जोराची हवा आत घेऊन हवी तेवढीच पुढे सोडणारा तो व्हॉल्व्ह, रेग्युलेटर म्हणतात त्याला. त्याच्या पोटाखाली पारदर्शक प्लास्टिकची एक वाटी असते, हवेतलं पाणी साचायला, आणि त्या वाटीवर आकडा छापलेला असतो, किती किलो दाब ती सोसेल याचा. आकड्यापर्यंत हवा भरायची, मिनिटभर थांबायचं, गळली नाही की पास. कावेरी दिवसाला दोनशे करायची.

तेव्हाचे फोरमन नारायणमामा. जुना, खडूस, पण सरळ माणूस. त्यांच्या बेंचवर एक पद्धत होती, 'पहिला तुकडा'. नवा माल आला की त्यातल्या पहिल्या व्हॉल्व्हची चाचणी बाया करायच्या नाहीत. ज्यानं त्या मालावर आकडा छापायला सांगितला, मग तो इंजिनियर असो नाहीतर मालकाचा जावई, त्यानं स्वतः बेंचसमोर उभं राहायचं आणि आपल्या हातानं नॉब फिरवून हवा त्या आकड्यापर्यंत न्यायची. सगळ्यांसमोर. त्यानंतरच बाकीचा माल बायांच्या हातात. नारायणमामा रिटायर झाले आणि त्यांच्या जागी हा मधुकर खोत आला, कोकणातला, डिप्लोमावाला, इस्त्रीच्या शर्टातला. तिसऱ्या दिवशी त्यानं ती पद्धत बंद केली. ऑफिसर लोकांनी बेंचवर उभं राहायचं नसतं म्हणे.

आणि मग तो बाराशेचा माल आला. वाट्यांवर सातचा आकडा, आणि गिऱ्हाईकाला हवे दहाचे. मधुकर खोतानं रंग पुसायच्या थिनरचे दोन डबे आणि चिंध्यांचं गाठोडं आणून ठेवलं. "सात पुसा, दहा छापा," म्हणाला. बाया दोन दिवस सात पुसत बसल्या. वासानं सगळ्यांची डोकी उठली. तिसऱ्या दिवशी कावेरी बेंचवर बसली. चार बायांमध्ये मिळून एक सेफ्टी चष्मा होता आणि तो साहेबाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा. तपासणीवाले यायच्या दिवशी बाहेर निघायचा. तोंड वाचवायला बसवलेली बेंचची लोखंडी जाळी कामाला आड येते म्हणून त्यानंच काढून ठेवली होती. कावेरी दाबाचा काटा वाचायला वाकली. दहाला नाही, सातालाही नाही, पाच किलोला वाटी फुटली.

दवाखान्यात तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी असताना मधुकर खोत पेढे घेऊन आला. पेढे. "दवाखान्याचा कागद आहे, सही कर," म्हणाला, आणि तिचा हात धरून पेन कागदावर टेकवलं. तिनं सही केली. नंतर कळलं, कागदावर लिहिलं होतं की कामगारानं निष्काळजीपणे प्रेशर वाढवलं आणि दिलेला चष्मा घातला नाही. तो कागद मसाटभर फिरला. ज्या बाईनं आपल्या हातानं आपला डोळा फोडून घेतला तिला बेंचवर कोण बसवणार? ती गेटवर जाऊन भांडली तर त्यांनी तिचीच सही तिला दाखवली.

नारायणमामा मात्र घरी आले होते. डॉक्टरनं डोळ्याखालून काढलेला वाटीचा तुकडा त्यांनी खिडकीशी धरून बघितला आणि कपाळावर हात मारला. "या प्लास्टिकला थिनर म्हणजे विष, पोरी," ते म्हणाले. "ही नुसत्या साबणाच्या पाण्यानं धुवायची. थिनर लागलं की आत केसासारख्या चिरा पडतात. समोरून दिसत नाहीत, उजेडात तिरकी धरली तर दिसतात. सातचा आकडा तसाच राहू दिला असता तर वाटी साताला उभी राहिली असती. पुसला म्हणून मेली."

तो तुकडा कावेरीनं कुंकवाच्या डबीत ठेवला. त्यावर दहातलं शून्य होतं आणि शून्याखाली पुसट, अर्धवट पुसलेला सात. एवढ्याशा तुकड्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे ती या कॉलेजात वर्कशॉपमध्ये लागली. तिथं कॉम्प्रेसर तिच्याकडे, हवेच्या नळ्या तिच्याकडे, आणि हवेतलं तिच्याइतकं कॉलेजात कुणालाच कळत नव्हतं, अभिजीत सरांनाही नाही. सर ते मान्यही करायचे, म्हणून तिला ते आवडायचे.

तर यादी वाचून झाल्यावर कावेरी हात धुऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. स्पर्धेच्या नियमांचा कागद तयार होत होता.

"सर, तपासणीच्या टेबलावर मी बसू का? हवेच्या?"

"तुम्हीच बसणार, कावेरीताई. अजून कोण आहे?"

"मग एक नियम घाला. दाब सहा किलोच्या वर नाही, हे आहेच. पण रोबोटला पहिल्यांदा हवा भरताना नॉब फिरवायची ती व्हॉल्व्ह देणाऱ्यानं. तो आला नसेल तर मार्गदर्शकानं. पोरांनी नाही. आणि नापास झालं तर कारण त्यानंच लिहायचं, स्वतःच्या अक्षरात."

सरांना ते पटलं. जबाबदारी नक्की होते, म्हणाले. तो नियम नववा झाला. तो कुणासाठी घातलाय हे तिनं त्यांना सांगितलं नाही, आणि त्याबद्दल तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पंधरा संघ होते. चेंडू उचलून जाळीत फेकणारे रोबोट. फेकायचं काम हवेचं. कावेरीनं सकाळी लवकर येऊन तपासणीचं टेबल मोठ्या खिडकीजवळ ओढून घेतलं. बेंचची लोखंडी जाळी पटकन काढता येईल अशी सैल करून ठेवली. खोटं कशाला सांगा, मुद्दामच केली. दहा संघांना तिनं ती लावूनच तपासलं, प्रत्येकाची वाटी उजेडात तिरकी धरून पाहिली. एकाच्या रोबोटवर हवा साठवायला कोल्ड्रिंकची चेपलेली बाटली होती. "हिच्यात सरबत करून प्या," असं म्हणून तिनं ती काढून टाकली. पोरं हसली. मग अकरावा नंबर आला आणि तिनं जाळी काढून टेबलाखाली ठेवली.

मुलगी एकोणीस-वीसची, चटपटीत, केस वर बांधलेले. मागे तीन मुलं रोबोट ढकलत आणत होती. "मावशी, आमचं जरा पटकन करता का?" प्राजक्ता म्हणाली. "बाबा पाहुण्यांबरोबर चहाला गेलेत. नॉब तुम्हीच फिरवा ना. नाहीतर नुसता टॅग द्या, काल रात्रीच मी बाबांच्या मालातला नवा व्हॉल्व्ह काढून बसवलाय. दहाचा आहे, आपल्याला सहाच लागतात."

कावेरीनं व्हॉल्व्हची वाटी काढून खिडकीशी तिरकी धरली. केसासारख्या चिरा. एक नाही, पन्नास. आणि ठळक काळ्या दहाच्या खाली पुसट सात. सात वर्षांत हा माणूस काही म्हणजे काही शिकला नव्हता. स्वतःचा धंदा काढला, गाडी घेतली, पोरीला इंजिनियरिंगला घातलं, आणि थिनरचा डबा मात्र तोच.

तिनं वाटी परत बसवली. पास झालेल्या रोबोटला बांधायचा हिरवा टॅग तिच्या हातात होता. बांधला की झालं. मग मैदानात, माईकसमोर, पाहुण्यांसमोर, मधुकर खोताच्या डोळ्यांदेखत त्याच्या लेकीच्या तोंडापाशी वाटी फुटली असती. कावेरीनं हा विचार नीट पूर्ण केला, अर्ध्यावर सोडला नाही. तिला तो गोड लागला. टॅगची दोरी तिनं रोबोटच्या सांगाड्यातून ओवली सुद्धा.

तेवढ्यात पोरगी काटा बघायला वाकली. काटा शून्यावर, हवा नाही, तरी सवयीनं वाकली. डावा गाल बरोबर वाटीसमोर. मेली, नेमकी तिथंच वाकली. कावेरीच्या काचेच्या डोळ्यामागे काहीतरी ठणकलं. आणि दुसरा विचार त्याच्यामागून आला, तो जास्त कामाचा होता. टॅगवर सही तिची असणार. वाटी फुटली की मधुकर खोत पुन्हा कागद करणार आणि कागदावर पुन्हा कावेरीचंच नाव. पोरीचं तोंडही जायचं आणि हा पुन्हा सुटायचा, हे कशाला? तिनं दोरी ओढून काढली.

"नियम नऊ, बाळा. बाबांना बोलव. त्यांच्याशिवाय हवा नाही."

मधुकर खोत आला तो मोबाईलवर बोलतच. पोट सुटलेलं, शर्ट अजून इस्त्रीचा. कावेरीकडे त्यानं पाहिलंच नाही. खाकी एप्रनमधल्या बाईकडे कोण बघतो.

"काय बाई, हे पोरांचं काम आहे. मी कशाला?"

"पहिला तुकडा आहे, साहेब," कावेरी म्हणाली.

त्यानं मोबाईल कानावरून खाली घेतला. हा शब्द त्यानं मसाटनंतर ऐकला नव्हता. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला, डावा डोळा पाहिला.

"कावेरी?"

"कावेरीबाई म्हणा. इथलं बेंच माझं आहे." तिनं टेबलावरचा सेफ्टी चष्मा त्याच्यापुढे सरकवला. "घाला. आमच्याकडे सगळ्यांना मिळतो."

मागे चार संघ रांगेत उभे, शेजारी लेक. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं चष्मा घातला आणि नॉबला हात लावला. कावेरीनं कॉम्प्रेसरचा मेन कॉक, म्हणजे हवेची मुख्य तोटी, उघडला आणि हात त्याच्यावरच ठेवला. बंद करायला की उघडा ठेवायला, हे त्या घडीला तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एक किलो. दीड. प्राजक्ता बापाच्या डाव्या बाजूला वाकून काटा मोठ्यानं वाचत होती. दोन. अडीच. मधुकर खोताच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला. त्याची नजर वाटीवर होती आणि वाटीच्या पलीकडे लेकीच्या गालावर.

"प्राजक्ता, तू लांब हो," तो म्हणाला.

"का? काटा कोण वाचणार?"

"सांगतोय ना. तू लांब हो."

कावेरीनं मेन कॉक बंद केला. एवढंच तिला हवं होतं. सात वर्षांपूर्वी हे तीन शब्द या माणसाच्या तोंडून निघाले असते तर तिनं आयुष्यभर त्याच्या नावानं दिवा लावला असता. त्याला तेव्हाही माहीत होतं. माहीत नसतं तर आज लेकीला लांब केलं नसतं.

"का हो साहेब?" ती म्हणाली, आणि आवाज जरा चढवूनच म्हणाली. "दहाचा आहे ना? अजून तीनसुद्धा झाले नाहीत."

त्यानं नॉबवरचा हात काढून घेतला. "वाटीची जरा शंका आहे. दुसरी लावतो."

"लावा की. पण आधी शंका कसली ते लिहा." तिनं नापासाचा लाल कागद पुढे केला.

त्यानं लिहिलं, वाटीत दोष. कावेरीनं कागद वाचला आणि परत त्याच्याकडे सरकवला. "हे नाही चालायचं. दोष कसला, आणि कुणी केला?" गडबड बघून अभिजीत सर आले. तिनं आतली हवा बाहेर सोडून वाटी काढली आणि त्यांच्या हातात दिली, खिडकीशी तिरकी धरा म्हणाली. सरांनी बघितलं. प्राजक्तानंही बघितलं, आणि सात तिनंच मोठ्यानं वाचला. मग कावेरीनं व्हॉल्व्ह वाटीसकट लोखंडी पिंपात ठेवला, झाकण आवळलं, लांब नळी जोडली आणि सगळ्यांना मागे सारून हळूहळू हवा सोडली. काटा पावणेपाचावर गेला आणि पिंपात ढब्ब झालं. हॉलमधला गलका एकदम थांबला.

"खोतसाहेब, नियमाप्रमाणे कारण लिहा," अभिजीत सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मधुकर खोतानं लिहिलं. मूळ आकडा सात. माझ्या सांगण्यावरून थिनरने पुसून दहा छापला. लिहून त्यानं पेन ठेवलं, तसं कावेरीनं एप्रनच्या खिशातून कुंकवाची डबी काढली आणि तो तुकडा लाल कागदावर ठेवला.

"आता याचंही लिहा. मसाट. तारीख मी सांगते."

त्यानं तुकडा ओळखला. ओळखला नाही असं दाखवायचा त्यानं प्रयत्न केला, पण शून्याखालचा सात दिसत होता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "कावेरीबाई, पोरीसमोर नको."

"माझी सोनी तेव्हा तीन वर्षांची होती," कावेरी म्हणाली. ती हळू बोलली नाही. "माझ्या तोंडावरची पट्टी बघून महिनाभर माझ्याजवळ आली नाही. तिच्यासमोर चाललं."

"तू सही केली होतीस."

"केली होती. तुम्ही माझा हात धरला होता आणि मला दिसत नव्हतं. मी तुमचा हात धरत नाही. तुम्हाला दोन डोळे आहेत, बघून लिहा."

तो सरांकडे बघत राहिला. सरांनी पेन उचलून त्याच्या हातात दिलं. मधुकर खोतानं उरलेल्या जागेत लिहिलं. बाराशे वाट्या, माझ्या सांगण्यावरून पुसल्या. कामगाराची चूक नव्हती. चष्मा दिला नव्हता. तारीख घातली, सही केली. साक्षीदार म्हणून अभिजीत सरांनी सही केली आणि लगेच माईकवर जाऊन सांगितलं की ज्या संघांनी खोत यांच्याकडून व्हॉल्व्ह घेतले असतील त्यांनी ते आत्ताच्या आत्ता काढून आणावेत. रांगेत मागे उभे असलेले तीन संघ निघाले. व्हॉल्व्ह टेबलावर येऊन पडत होते आणि प्रत्येक पोरगा व्हॉल्व्ह ठेवून मधुकर खोताकडे बघून जात होता.

प्राजक्तानं तो लाल कागद उचलून वरपासून खालपर्यंत वाचला. मग कावेरीचा डावा डोळा पाहिला, पहिल्यांदाच नीट.

"बाबा," ती म्हणाली, "मला लांब हो म्हणालात. यांना म्हणाला होतात?"

मग तिनं कागद टेबलावर ठेवला, संघातल्या मुलांना खूण केली आणि चौघं रोबोट ढकलत दाराकडे निघाली. वर्षभराची मेहनत एका वाटीपायी वाया गेली होती, आणि त्यातलं एक पोरगं डोळे पुसत होतं.

"गाडी मागच्या गेटला आहे," मधुकर खोत मागून म्हणाला.

"मी यांच्याबरोबर बसनं जाते," ती म्हणाली, आणि वळून बघितलं नाही.

कावेरीनं तुकडा डबीत ठेवला. कागदाची झेरॉक्स सोमवारी मसाटच्या कारखान्यात कुणाच्या टेबलावर ठेवायची हे तिचं कधीचं ठरलेलं होतं. नंतर भगवंत तिला म्हणाला, त्या पोरीचं तरी वाईट वाटलं असेल ना तुला. पोरीचं वाटलं, जरासं. बापाचं तिळभरही नाही. त्या घडीला तर छातीवरचं काहीतरी उतरून ठेवल्यासारखं तिला मोकळं मोकळं वाटत होतं.

मधुकर खोत अजून टेबलासमोरच उभा होता. चष्मा काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"झालं तुझं समाधान?" त्यानं विचारलं.

कावेरीनं उजव्या डोळ्यानं त्याला आपादमस्तक पाहून घेतलं. मग वाकून टेबलाखालची लोखंडी जाळी काढली आणि बेंचवर घट्ट बसवली.

"नाही," ती म्हणाली. "चष्मा ठेवा आणि बाजूला व्हा, साहेब. बारा नंबरची पोरं थांबलीत."